पिस्तूल कुठे भरायचं, कुठे नाही : नेमबाजीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीचशी पत्रं पिस्तुलाबद्दलची आहेत. रायफलवाल्यांनी एक महिना कळ काढावी, त्यांची उत्तरं पुढच्या अंकात देते. लिहिणारे बहुतेक जण नोकरी, अभ्यास, घर सांभाळून हौसेनं रेंजवर जाणारे आहेत. संघात खेळणाऱ्या नेमबाजाच्या मागे कोच असतो, आर्मरर म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा असतो. हौशी नेमबाजाला मात्र बहुतेक वेळ स्वतःच्या सवयींवर विसंबून राहावं लागतं. म्हणून त्या सवयींबद्दल मी जरा जास्तच आग्रही आहे, आणि उत्तरांमध्ये ते दिसेलच.

परवाना, वाहतूक, साठवण यांचे कायदे प्रत्येक देशात वेगळे असतात. मी सांगते ती रेंजवरची शिस्त. तुमच्याकडचा कायदा याहून कडक असेल तर तो पाळायचा. सैल असला तरी शिस्त आहे तीच ठेवायची.

ताई, मी उजव्या हातानं .२२ पिस्तूल चालवतो. पंचवीस मीटरवर माझे शॉट सतत खाली-डावीकडे जातात. मित्र म्हणतात साइट फिरव. फिरवू का?

साइट, म्हणजे पिस्तुलावरची नेम धरायची खूण, अजून फिरवू नका. आधी एक खात्री करून घ्या. हात टेकवून, सावकाश पाच शॉट मारा, किंवा तेच पिस्तूल क्लबातल्या एखाद्या जुन्या नेमबाजाला द्या. त्याचा ग्रुप, म्हणजे शॉटचा पुंजका, मधोमध पडला तर पिस्तूल निर्दोष आहे. मग साइट फिरवून तुम्ही चूक फक्त झाकाल, आणि ज्या दिवशी ट्रिगर नीट दाबला जाईल त्या दिवशी शॉट वर-उजवीकडे जातील.

उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट खाली-डावीकडे जाण्याची दोन कारणं मी वारंवार बघते. एक, बोटाबरोबर अख्खी मूठ आवळली जाते. दुसरं, आवाज आणि धक्का येणार हे मनाला आधीच ठाऊक असतं, म्हणून मनगट धक्क्याच्या आधीच नळी खाली ढकलतं. हे इतक्या झटकन घडतं की ज्याचं त्याला कळत नाही. खरी गोळी सुटली की पिस्तूल उसळतं आणि त्या उसळीत सगळा पुरावा पुसला जातो.

तो पुरावा डोळ्यांसमोर आणायची एक जुनी रीत आहे. रेंज ऑफिसरला सांगून, त्याच्या देखरेखीखाली मॅगझिन दुसऱ्याकडून भरून घ्यायचं. त्यात खऱ्या गोळ्यांमध्ये एकदोन डमी, म्हणजे न उडणाऱ्या खोट्या गोळ्या, मिसळायच्या आणि कुठली कुठे आहे ते तुम्हाला सांगायचं नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीला तिचं मनगट हलतं हे पटतच नव्हतं. तिसऱ्या शॉटला डमी आली. नुसता ‘टक्’ असा आवाज झाला, पिस्तूल उसळलं नाही, आणि तरी नळी चांगली दोन बोटं खाली गेलेली. ती बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिली. त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

या सरावात एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळायची. ‘टक्’ झालं म्हणजे डमीच असेल असं गृहीत धरायचं नाही. गोळीतलं प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारा भाग, कधीकधी उशिरा पेटतं. म्हणून नळी टार्गेटकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबायचं आणि मगच स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची. याच्या उलट, कधी नेहमीपेक्षा बारीक, दबका आवाज आला तर पुढची गोळी अजिबात मारायची नाही. बुलेट नळीत अडकलेली असू शकते. पिस्तूल रिकामं करायचं आणि नळी आरपार मोकळी असल्याची खात्री करून घ्यायची.

उपाय म्हणाल तर ट्रिगरचा दाब हळूहळू, एकसारखा वाढवत न्या, आणि शॉट सुटल्यावरही एखाद सेकंद बोट मागेच ठेवून फ्रंट साइटकडे बघत राहा. महिनाभर डमी मिसळून सराव करा आणि मग लिहा.

दहा मीटर एअर पिस्तूल नुकतंच सुरू केलंय. हात इतका हलतो की नेम धरणं अशक्य वाटतं. वजनं उचलून हात स्थिर होईल का?

थोडा होईल, पण हलायचा पूर्ण थांबणार नाही. ऑलिम्पिक पदकविजेत्यांचाही हलतो. त्यांचा हात कमी जागेत हलतो आणि त्यांनी ते हलणं मान्य केलेलं असतं, एवढाच फरक.

हिशेबच करून बघू. समजा तुमच्या पिस्तुलावर मागच्या आणि पुढच्या साइटमधलं अंतर ३२० मिलिमीटर आहे. दोन्ही साइट एकमेकींशी अगदी सरळ आहेत आणि अख्खा हात पाच मिलिमीटर डावीकडे सरकला, तर पेलेट (एअर पिस्तुलाची छोटी गोळी) टार्गेटवर पाच मिलिमीटरच डावीकडे लागेल. दहाची रिंग ११.५ मिलिमीटर व्यासाची आणि पेलेट साडेचार मिलिमीटरची, त्यामुळे तो शॉट दहाच. आता हात जागेवर आहे, पण ट्रिगर ओढताना फ्रंट साइट मागच्या खाचेत फक्त अर्धा मिलिमीटर डावीकडे गेली. दहा मीटरवर ती चूक साडेपंधरा मिलिमीटरची होते, आणि मधोमध जाणारा शॉट जेमतेम नऊ धरतो. हाताचं नेहमीचं हलणं त्यात मिळवलं की आठ, सात.

तेव्हा काळ्या गोलाकडे बघू नका, तो धूसरच दिसला पाहिजे. नजर फ्रंट साइटच्या वरच्या कडेवर ठेवा, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी दिसणारा उजेड सारखा आहे का एवढंच बघा. गोलाच्या थोडं खाली, पांढऱ्या भागात नेम धरा. तिथे साइट हलली तरी जीव घाबरत नाही. हात खाली येऊन स्थिरावला की पाच ते आठ सेकंदांत शॉट सुटला पाहिजे. नाही सुटला तर पिस्तूल खाली घ्या, दोन श्वास घ्या आणि पुन्हा उचला. साठ शॉटना ७५ मिनिटं मिळतात, घाई कसलीच नाही. नवशिक्या माणसाला पिस्तूल खाली घेणं म्हणजे हार वाटते. मी तर शॉट न मारता हात खाली घेणाऱ्याला शाबासकी देते.

मी पिस्तूल पाठीवरच्या सॅकमध्ये गुंडाळून रेंजवर नेतो. रिकामं असतं. वेगळी केस खरंच लागते का?

लागते. तुमचा प्रश्न छोटा आहे, पण मी सविस्तर लिहिणार, कारण नेमबाजीतले धोके फायरिंग लाइनवर कमी आणि तिच्या मागेपुढे जास्त असतात. लाइनवर सगळे सावध असतात. सामान काढताना, आवरताना, कुणाला दाखवताना लक्ष ढिलं पडतं.

केस टणक हवी, कुलूप लागणारी हवी आणि आतल्या फोममध्ये पिस्तुलाच्या आकाराचीच जागा कापलेली हवी. पिस्तूल आत ठेवताना मॅगझिन बाहेर, चेंबर (नळीतली गोळी बसायची जागा) डोळ्यांनी बघून आणि उजेड कमी असेल तर करंगळीनं चाचपून रिकामं असल्याची खात्री, आणि चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना आयएसएसएफच्या नियमांनुसार हा फ्लॅग सक्तीचा आहे. एअर पिस्तुलाचा फ्लॅग तर नळीच्या दुसऱ्या टोकातून बाहेर दिसेल इतका लांब लागतो. तो भडक रंगाचा असतो, त्यामुळे लांब उभ्या असलेल्या माणसालाही कळतं की यात गोळी नाही. गोळ्या वेगळ्या डब्यात, आणि तो डबाही बंद.

आता बारीक वाटेल पण रोज उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगते. केस बंद असताना नळी कुठल्या बाजूला आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणून नळीच्या बाजूला केसवर बाहेरून रंगीत चिकटपट्टी लावा. फायरिंग पॉइंटवर टेबलावर केस ठेवताना ती पट्टी टार्गेटकडे करायची आणि मगच झाकण उघडायचं. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या केसवर ही पट्टी आहे. ती नसताना काय होतं ते मी बघितलेलं आहे. माणूस झाकण उघडतो, नळी शेजारच्याच्या पोटाकडे आलेली असते, ती फिरवण्यासाठी तो पिस्तूल उचलतो आणि अर्धवर्तुळात उभ्या असलेल्या सगळ्यांवरून नळी फिरते.

केस उघडायची ती फक्त फायरिंग पॉइंटवर, रेंज ऑफिसरनं परवानगी दिल्यावर. पार्किंगमध्ये नाही, कँटीनमध्ये नाही, मित्राला नवीन ग्रिप दाखवायलाही नाही. लाइनच्या पुढे कुणी टार्गेट बदलायला गेलं असेल तर बंदुकीला हात लावायचा नाही, रिकामी असली तरी. परत निघताना सगळा क्रम तसाच उलटा. वाटेत कुठे थांबू नका. गाडीत केस ठेवून चहाला जाणं तर अजिबात नको. नेमबाजांची पिस्तुलं चोरीला जातात ती बंद गाड्यांतूनही. परवान्याची कागदपत्रं केसमध्ये नकोत, अंगावर ठेवा. कुणी विचारलं तर ती काढायला केस उघडावी लागू नये.

विमानानं जाणाऱ्यांसाठी : आधी विमान कंपनीला कळवा, आयत्या वेळी काउंटरवर सांगू नका. पिस्तूल रिकामं, कुलूपबंद केसमध्ये, चेक-इन सामानात. काडतुसं मजबूत खोक्यात, शक्यतो मूळ पॅकिंगमध्ये. विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आयाटाच्या नियमांनुसार माणशी पाच किलोची मर्यादा आहे, आणि काही कंपन्या त्याहून कमी नेऊ देतात. एअर पिस्तुलाचा दाबलेल्या हवेचा सिलिंडर रिकामा करून, वेगळा काढून ठेवावा.

माझ्याकडे क्लबच्या सरावासाठी घेतलेलं .२२ टार्गेट पिस्तूल आहे. परवानाही आहे. रात्री उशिरा एकटी परतते, तर भरून पर्समध्ये ठेवलं तर काय हरकत आहे?

ताई, तुमची भीती मी हलक्यात घेत नाही. पण या प्रश्नाचं माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे.

कायदा बाजूला ठेवू, जरी खेळासाठी दिलेल्या परवान्यावर अंगावर बंदूक बाळगता येतेच असं नाही, आणि अनेक देशांत तो सरळ गुन्हा आहे. मी पिस्तुलाबद्दल बोलते. पंचवीस मीटरच्या पिस्तुलाचा ट्रिगर एक किलोच्या दाबावर सुटू शकतो, कारण नियमानं किमान तेवढाच दाब लागतो. एअर पिस्तुलाचा तर अर्ध्या किलोवर. हे ट्रिगर मुद्दाम इतके हलके ठेवलेले असतात, नेम ढळू नये म्हणून. बऱ्याच टार्गेट पिस्तुलांना सेफ्टीचा खटका नसतो, आणि पडलं तर सुटू नये अशी आतली योजनाही नसते, कारण ते भरलं जाणार फायरिंग पॉइंटवरच, हे धरूनच बनवणाऱ्यानं ते बनवलेलं आहे. असं भरलेलं पिस्तूल किल्ल्या, पेन, चार्जर यांच्यात खळखळत ठेवायचं म्हणजे सगळ्यात मोठा धोका तुम्हालाच. आणि पर्स नेमकी त्याच वेळी घरातल्या लहान मुलाच्या हाती लागली तर काय, हा विचार मला झोपू देणार नाही.

दुसरंही एक कारण आहे. रेंजवर आपण वर्षानुवर्षं शिकतो ते स्थिर टार्गेट, सावकाश श्वास, एका हातानं सरळ धरलेलं पिस्तूल. घाबरलेल्या अवस्थेत, अंधारात, जवळ आलेल्या माणसासमोर यातलं काही कामाला येत नाही. स्कोअर चांगला येतो म्हणून संरक्षणही जमेल असा विश्वास वाटू लागतो, आणि हा विश्वास फार धोकादायक आहे. रात्री परतण्याची सोय बघा, सोबत बघा, सरावाची वेळ बदलून मागा. क्लबच्या कार्यकारिणीला हवं तर माझं हे उत्तर दाखवा.

मग प्रॅक्टिकल शूटिंगवाले कमरेला पिस्तूल लावून रेंजभर फिरतात ते कसं चालतं? व्हिडिओत बघितलं.

चांगला प्रश्न. आयपीएससी ही प्रॅक्टिकल शूटिंगची आंतरराष्ट्रीय संघटना, स्थापना १९७६ची. त्यांच्या स्पर्धेत नेमबाज धावतो, वळतो, आडोशामागून मारतो, आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या वेळेनं भागून निकाल काढतात. तुम्हाला व्हिडिओत जे दिसत नाही ते असं : कमरेची ती सगळी पिस्तुलं रिकामी असतात, चेंबरही आणि मॅगझिनची जागाही. भरायचं फक्त आपली पाळी आल्यावर, रेंज ऑफिसर शेजारी उभा असताना आणि त्यानं हुकूम दिल्यावर. संपल्यावर तो पुन्हा रिकामं करून दाखवायला लावतो, रिकाम्या पिस्तुलाचा हॅमर (घोडा) सुरक्षित दिशेला उतरवून घेतो आणि मगच ते होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, जातं.

एरवी पिस्तूल हाताळायचं असेल तर त्यासाठी आखलेली ‘सेफ्टी एरिया’ असते. तिथे पिस्तूल काढा, साफ करा, होल्स्टरमधून उपसण्याचा सराव करा, पण गोळीला हात लावायचा नाही, डमीलासुद्धा नाही. मला त्यांचा सगळ्यात आवडणारा नियम पडलेल्या पिस्तुलाचा आहे. रिकामं पिस्तूल होल्स्टरमधून निसटून पडलं तर ज्याचं आहे त्यानं ते उचलायचं नाही. रेंज ऑफिसरला बोलवायचं, तो उचलतो, तपासतो, परत देतो. स्वतः उचललंत तर स्पर्धेतून बाद. पडणारी वस्तू झेलायला हात आपोआप जातो आणि बोट नेमकं ट्रिगरवर बसतं, म्हणून हा नियम. तुमच्या क्लबात हा खेळ नसला तरी ही सवय आजच उचला.

होल्स्टर शिकायचंच असेल तर शिकवणाऱ्याकडूनच शिका. उपसण्यापेक्षा परत ठेवताना अपघात जास्त होतात. शर्टाचं टोक, जॅकेटची दोरी होल्स्टरमध्ये शिरते आणि ट्रिगरमध्ये अडकते. ठेवताना घाई करून काहीही मिळत नाही. थांबा, बघा, मग ठेवा.

घरी ड्राय प्रॅक्टिस करावी का? पिस्तूल खराब होतं म्हणतात.

करावी. हौशी नेमबाजाला गोळ्या परवडत नाहीत, रेंज लांब असते. रोज पंधरा मिनिटं रिकाम्या पिस्तुलावर घालवणारा माणूस आठवड्यातून एकदा शंभर गोळ्या उडवणाऱ्याच्या पुढे निघून जातो.

खराब होण्याबद्दल : एअर पिस्तुलाला बहुतेक वेळा ड्राय फायरची सोय असते, ती वापरा. .२२ची गोष्ट वेगळी आहे. त्याची फायरिंग पिन काडतुसाच्या काठावर आपटते. काडतूस नसेल तर काही पिस्तुलांत ती थेट चेंबरच्या काठावर आपटते, तिथे खोच पडते आणि पुढे रिकामी पुंगळी निघायला त्रास देते. तुमच्या पिस्तुलाचं माहितीपुस्तक काय म्हणतं ते वाचा, आणि शंका असेल तर प्लास्टिकची डमी घालूनच करा.

शिस्त अशी : गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात. चेंबर दोनदा तपासायचं. दिशा भक्कम भिंतीची, जिच्या पलीकडे कुणी राहत नाही. पहिले काही दिवस टार्गेट लावूच नका, कोऱ्या भिंतीवर फक्त साइट बघा. ट्रिगर सुटताना फ्रंट साइट जागची हलली नाही तर तो दहाचा शॉट. मोबाइल दुसरीकडे ठेवा. सराव संपला की मोठ्यानं म्हणा, ‘संपलं’, आणि लगेच पिस्तूल कुलपात. ‘अजून एकच’ म्हणून पुन्हा काढायचं नाही. लक्ष उडालेलं असतं आणि अपघात तेव्हाच होतात.

वय बावन्न. चष्म्यातून टार्गेट छान दिसतं, पण फ्रंट साइट पुसट.

तुम्हाला उलटं हवंय. नेमबाजीसाठी वेगळा चष्मा करा. नेम धरलेल्या स्थितीत डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर कुणाकडून तरी टेपनं मोजून घ्या आणि तो आकडा नेत्रतज्ज्ञांना द्या. बहुधा लांबच्या नंबरात पाऊण डायॉप्टरपर्यंत अधिक मिळवावे लागतात. बायफोकल, प्रोग्रेसिव्ह काचा चालत नाहीत, डोकं जरा कललं की नंबर बदलतो. दुसरा डोळा मिटू नका, चेहरा आखडतो. समोर पट्टी लावा. स्पर्धेत ती तीस मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही.

.२२चा आवाज तसा कमीच असतो. कानात बोळे घालायलाच हवेत?

हवेतच, आणि कापसाचे नकोत. पिस्तुलाची नळी आखूड असते, त्यामुळे .२२चा आवाजही १४० डेसिबलच्या पुढे जातो. तेवढा एक धमाकासुद्धा कानाला कायमची इजा करू शकतो. शेजारच्या लेनवर नऊ मिलिमीटर चालू असेल तर विचारूच नका. बंदिस्त रेंजवर फोमचे प्लग आणि वर मफ, दोन्ही. प्लग वळून, कान वर ओढून खोल बसवायचा. नुसता तोंडाशी टेकवलेला काही कामाचा नाही.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते : शिसं. .२२च्या बुलेट बहुतेक उघड्या शिशाच्या असतात आणि प्रायमरमध्येही शिशाचं संयुग असतं. प्रत्येक शॉटबरोबर त्याची बारीक धूळ हवेत, हातावर, कपड्यांवर बसते. रेंजवर खाऊ नका. पुंगळ्या टोपीत गोळा करून तीच टोपी डोक्यावर घालणारे लोक मी रोज बघते, कृपा करून ते बंद करा. निघताना हात आणि तोंड साबण लावून गार पाण्यानं धुवा. घरी लहान मूल असेल तर कपडे बदलल्याशिवाय त्याला उचलू नका. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंदिस्त रेंजवर जाऊच नका.

अपघातात उजव्या हाताची दोन बोटं गेली. डाव्या हातानं पहिल्यापासून सुरू करण्यात अर्थ आहे का?

आहे. कारोली ताकाच हे नाव वाचून ठेवा. हंगेरीच्या सैन्यातला हा नेमबाज. १९३८मध्ये हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्यानं डाव्या हातानं सुरुवात केली आणि १९४८च्या लंडन आणि १९५२च्या हेलसिंकी, अशा दोन्ही ऑलिम्पिकमध्ये पंचवीस मीटर रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं. तुम्हाला सुवर्णच हवं असं नाही, पण हात बदलता येतो हे यातून पक्कं दिसतं. डाव्या हाताची ग्रिप घ्या, उजव्याचीच वापरत बसू नका. शिवाय नजर कुठल्या डोळ्याची बळकट आहे ते आधी तपासा. डावा डोळा बळकट निघाला तर तुमचं काम सोपंच झालं.

स्पर्धेत मध्येच पिस्तूल बिघडलं तर?

बोट ट्रिगरवरून काढायचं, नळी टार्गेटकडेच ठेवायची, मोकळा हात वर करायचा आणि ऑफिसर येईपर्यंत थांबायचं. तोंड मागे वळवून कोचला हाक मारायची नाही, कारण माणूस वळला की हात वळतो. टोकियोला २०२१मध्ये मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीत बिघडलं, वेळ गेला, ५७५ गुणांवर ती बारावी राहिली आणि अंतिम फेरी हुकली. पॅरिसला २०२४मध्ये तिनं दोन कांस्यपदकं मिळवली. बिघाड कुणालाही गाठू शकतो. जादा मॅगझिन, लागणारे छोटे पान्हे आणि घासले जाणारे सुटे भाग केसमध्ये ठेवा, आणि ते बदलण्याचा सराव घरी करा.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिला एअर पिस्तूल शिकायचंय. घरात बंदूक आणायची या कल्पनेनंच मला धास्ती वाटते.

पहिलं वर्ष घरात आणूच नका. क्लबचं पिस्तूल क्लबातच राहू द्या. एअर पिस्तूल दीड किलोपर्यंत वजनाचं असू शकतं, तेव्हा तिच्या हाताला पेलेल असं हलकं मागून घ्या. कोच निवडताना त्याचे विद्यार्थी किती पदकं आणतात ते नंतर विचारा. आधी तासभर मागे बाकावर बसून बघा. ट्रिगरवर बोट ठेवून गप्पा मारणाऱ्या मुलाला तो लगेच थांबवतो का? ‘स्टॉप’ म्हटल्यावर सगळे खरंच थांबतात का? ‘एअर पिस्तूलच तर आहे’ असं कुणी म्हणत असेल तर तिथून मुलीला घेऊन निघा. पेलेटनं डोळा जातो.

पुढे घ्यायची वेळ आली आणि जुनं घेणार असाल, तर सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. बनवणारे साधारण दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर, कितीही नवा दिसला तरी, भरायचा नाही. २०० बारचा दाब असतो त्यात. स्पर्धेतही त्याची जबाबदारी नेमबाजावरच असते. नवा सिलिंडर घ्यावा लागणार असेल तर ती रक्कम किमतीतून कमी करून मागा. घरी पिस्तूल एका कुलपात, पेलेट दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे, मुलीकडे नाहीत. धाकटी भावंडं असतील तर त्यांच्यासमोर कपाट उघडू नका. सरावाला निघताना केस तुम्ही काढून द्यायची आणि परत आल्यावर चेंबरमधला फ्लॅग तिनं तुम्हाला दाखवायचा, मग कुलूप. मुली हे फार लवकर शिकतात. तिला लेखी चार ओळी लिहायला सांगा की तिला पिस्तूलच का हवंय, आणि त्या मला पाठवा. मी तिला वेगळं उत्तर देईन.